तेलगावहून हैदराबाद: मुसी नदीकाठच्या जुन्या शहरात घरच्यांना घेऊन जाताना

आपल्या भागातून हैदराबादला जाणं नवीन नाही. 1948 पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या संस्थानात होता आणि 1956 ला राज्यांची फेररचना होईपर्यंत आपली राजधानी हैदराबादच होती. कोर्टाचं काम, शिक्षण, दवाखाना, लग्नाचा बस्ता, सगळं तिकडंच. आजही तेलगाव, धारूर, माजलगाव, वडवणी या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांचे नातेवाईक तिकडं आहेत. तरी जाऊन आलेल्यांना विचारा काय बघितलं, तर उत्तर ठरलेलं असतं: चारमिनार, बिर्याणी आणि गर्दी. सोबत अम्मी-अब्बा थकलेले, लेकरं चिडलेली आणि म्युझियमच्या दाराला कुलूप.

यातला निम्मा त्रास दोन गोष्टींमुळे होतो. एक, शुक्रवारी काय बंद असतं हे माहीत नसतं. दोन, शहराची सुरुवात चारमिनारपासून केली जाते, तिथं पोहोचेपर्यंत ऊन चढतं. खरं तर हे नदीचं शहर आहे. नदीपासून सुरुवात केली तर बघण्यासारखं बरंचसं चालत जाण्याच्या अंतरात येतं आणि हे शहर असं का वसलंय, तेही कळतं.

जायचं कसं

तेलगावकरांसाठी जवळचं मोठं स्टेशन परळी वैजनाथ. सिरसाळामार्गे एसटीनं किंवा जीपनं तासाभरात पोहोचता. परळीहून रेल्वे लातूर रोड, उदगीर, भालकी, बिदर, जहिराबाद, विकाराबाद करत हैदराबादला जाते. रात्रीची गाडी धरली तर एका दिवसाचं लॉज वाचतं आणि म्हाताऱ्या माणसांना पाय पसरून झोपता येतं. जनरल डब्यात लहान लेकरं घेऊन रात्र काढायचा विचार करू नका, स्लीपरचं आरक्षण आधीच करा. सणाच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत जागा मिळत नाही.

तिकीट काढताना स्टेशनचं नाव नीट वाचा. ‘हैदराबाद’ लिहिलेलं स्टेशन म्हणजे नामपल्ली, सिकंदराबाद वेगळं आणि काचिगुडा वेगळं. तिन्हींमध्ये काही किलोमीटरचं अंतर आहे. जुन्या शहरात जायचं असेल तर नामपल्ली किंवा काचिगुडा बरं. नामपल्ली स्टेशनच्या मागंच यूसुफैन बाबांचा दर्गा आहे, आजूबाजूला लॉज आणि हॉटेलं भरपूर. खोली घेताना प्रत्येक मोठ्या माणसाचं मूळ आधार कार्ड मागतात. मोबाईलमधल्या फोटोवर सगळीकडं भागत नाही.

रस्त्यानं जाणार असाल तर अंबाजोगाई, लातूर करत पुढं जहिराबाद, संगारेड्डीवरून हैदराबाद, अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास. स्वतःची गाडी जुन्या शहरात घालू नका. लॉजवर लावा आणि रिक्षानं फिरा.

एसटीनं जाणाऱ्या बायकांनी आणि ज्येष्ठांनी एक ध्यानात ठेवायचं. आपली महिला सन्मानची अर्ध्या तिकिटाची सवलत आणि ज्येष्ठांची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच चालते, पुढचं तिकीट पूर्ण. तेलंगणात बायकांना बसप्रवास मोफत आहे हे खरं, पण तो तिथल्या रहिवाशांसाठी. कंडक्टर आधार बघतो. बीडच्या पत्त्यावर तिकीट घ्यावंच लागतं, तिथं वाद घालून उपयोग नाही.

एसटी आणि तेलंगणाच्या लांब पल्ल्याच्या बसेस महात्मा गांधी बसस्थानकात थांबतात. तिथले लोक त्याला इमलीबन म्हणतात. हे स्थानक मुसी नदीच्या पात्रालगतच आहे, म्हणजे बसमधून उतरलात की नदी समोरच. इथंच मेट्रोचं मोठं स्टेशन आहे, लाल आणि हिरव्या दोन्ही लाईनी इथं मिळतात. नामपल्लीहून लाल लाईननं थेट इथं येता येतं. मेट्रो अजून चारमिनारपर्यंत गेलेली नाही, पुढचे दोनेक किलोमीटर रिक्षा करावी लागते. रिक्षावाल्याशी भाडं बसायच्या आधी ठरवा किंवा मोबाईल ॲपवरून रिक्षा बोलवा.

भाषेची अडचण येत नाही. आपल्या घरात बोलतो त्या दख्खनीला जुन्या हैदराबादेत कुणी हसत नाही, उलट ‘हौ’ आणि ‘नक्को’ ऐकून समोरचा विचारतो, औरंगाबादचे का परभणीचे?

मुसीचा काठ

मुसी विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावते. आपली रेल्वे त्याच भागातून जाते. तिथून ती पूर्वेकडं हैदराबाद शहराच्या मधून वाहत जाऊन नलगोंडा जिल्ह्यात कृष्णेला मिळते. नदीच्या दक्षिणेला जुनं शहर, उत्तरेला नंतर वाढलेलं. आज पाणी घाण आहे, वास येतो, हे लपवण्यात अर्थ नाही. काठावर सतरंजी टाकून बसायची ही जागा नाही. सकाळी लवकर जायचं, पुलांवरून आणि काठच्या इमारतींपासून बघायचं.

सर्वात जुना पूल पुराना पूल. इब्राहिम कुतुबशहाच्या काळात 1578 ला बांधला, म्हणजे चारमिनारच्याही आधी. तेव्हा राजधानी गोवळकोंड्याला होती. किल्ल्यातली वस्ती दाटली म्हणून नदीपलीकडं नवं शहर वसवलं गेलं, त्याची वाट या पुलावरून गेली. शहजादा भागमतीला भेटायला पुरात घोडा घालायचा म्हणून बापानं पूल बांधला, ही गोष्ट गाईड हमखास सांगतो. ऐकायला गोड आहे, पण इतिहासकार ती खरी धरत नाहीत.

थोडं पूर्वेला नया पूल. त्यावर उभं राहिलं की दोन मोठ्या इमारती समोरासमोर दिसतात. दक्षिण काठावर लाल-गुलाबी दगडाचं घुमटांचं हायकोर्ट, 1920 मध्ये सुरू झालेलं. उत्तर काठावर उस्मानिया दवाखाना. दोन्हींचा नकाशा व्हिन्सेंट एश या इंग्रज वास्तुविशारदानं काढला. दवाखान्याची ती देखणी जुनी इमारत आता रुग्णांसाठी वापरत नाहीत. 2020 च्या पावसात वॉर्डात पाणी शिरलं आणि ती रिकामी केली गेली. दवाखाना मात्र त्याच आवारातल्या इतर इमारतींत चालतो.

या इमारती इथं का आहेत, ते समजून घ्यायला 28 सप्टेंबर 1908 आठवावा लागतो. त्या दिवशी मुसीला असा पूर आला की अफजलगंज, घांसी बाजार, कोलसावाडी या वस्त्या वाहून गेल्या. मेलेल्यांचा आकडा पंधरा हजारांपर्यंत सांगितला जातो. रुबाईसाठी नावाजलेले शायर अमजद हैदराबादी यांची आई, बायको आणि मुलगी त्यात गेली, ते एकटे वाचले. सहावे निजाम महबूब अली खान यांनी बेघर झालेल्यांसाठी महालाचे दरवाजे उघडले. उस्मानिया दवाखान्याच्या आवारात एक जुनं चिंचेचं झाड आहे. त्या पुरात सुमारे दीडशे माणसं त्याच्या फांद्यांवर चढून वाचली असं सांगतात. लेकरांना हे झाड जरूर दाखवा. म्युझियममधल्या शंभर वस्तू विसरतील, हे लक्षात राहील.

पुरानंतर संस्थानानं अभियंता विश्वेश्वरय्यांना बोलावलं. नदी शहरात यायच्या आधीच अडवा, हा त्यांचा सल्ला. त्यातून मुसीवर 1920 ला उस्मान सागर आणि तिच्या ईसी या उपनदीवर 1927 ला हिमायत सागर तयार झाला. पूर अडवणारे हे तलाव पुढं शहराला पाणीही पाजू लागले. काठावरची मोडकी वस्ती हटवून दवाखाना, हायकोर्ट, ग्रंथालय, कॉलेज उभं राहिलं. दुष्काळी जिल्ह्यातून आलेल्या माणसाला शंभर वर्षांपूर्वीचं हे पाण्याचं नियोजन बघताना आपल्या माजलगाव धरणाची आठवण येतेच.

पण पूर संपला असं समजू नका. सप्टेंबर 2025 च्या शेवटी वरच्या तलावांचे दरवाजे उघडल्यावर इमलीबन बसस्थानकात पाणी शिरलं आणि प्रवासी अडकले. ऑगस्ट-सप्टेंबरात जाणार असाल आणि जोराचा पाऊस लागून असेल, तर बस कुठून सुटते हे निघण्याआधी फोन करून विचारा.

नया पुलावरून दक्षिण काठानं चालत थोड्या अंतरावर सालारजंग म्युझियम. तिसरे सालारजंग मीर युसूफ अली खान यांनी जमवलेल्या वस्तूंचं हे म्युझियम 1951 ला त्यांच्या देवडीत सुरू झालं आणि 1968 ला आजच्या इमारतीत आलं. शुक्रवारी बंद. उरलेल्या दिवशी दहाच्या सुमारास उघडतं, त्याच वेळी आत जा. बारा वाजता वाजणाऱ्या घड्याळापाशी सगळी गर्दी गोळा होते, छोटा बाहुला बाहेर येऊन टोले देतो. लेकरांना आधीच पुढं बसवा. बेन्झोनीची ओढणीवाली रेबेका सगळेच बघतात, दगडातून पारदर्शक कापड कोरलंय असं वाटतं. पण आपल्या वाचकांनी हस्तलिखित कुरआन शरीफांचं दालन चुकवू नये. याकूत अल-मुस्तासिमी या तेराव्या शतकातल्या नामवंत खुशनवीसाच्या हातचा कुरआन या संग्रहात आहे, त्यावर मोगल बादशहांच्या नोंदी आहेत. नुसतं हे दालन नीट बघायलाही एक तास लागतो. गुडघे दुखणाऱ्यांसाठी व्हीलचेअर आहे का ते दारातच विचारा, आतलं चालणं फार आहे.

चारमिनार आणि जुमा

म्युझियमहून पत्थरगट्टीच्या कमानीतून चारमिनारकडं जाता येतं. वाटेत मदिना बिल्डिंग लागते. हिच्या दुकानांचं भाडं एके काळी मदिना शरीफमधल्या गरिबांसाठी जायचं, म्हणून हे नाव. तिथंच जवळ बादशाही आशूरखाना आहे. 1590 च्या दशकातला, भिंतींवर निळ्या-पिवळ्या-हिरव्या फरशांचं असं काम की रंग काल भरल्यासारखे. इथं पर्यटक फारसे फिरकत नाहीत, त्यामुळं शांत असतं. इबादतीची जागा आहे, तेवढा अदब ठेवून बघायचं.

चारमिनार 1591 चा, हिजरी सनाच्या हजाराव्या वर्षाच्या आसपासचा. मुहम्मद कुली कुतुबशहानं नव्या शहराच्या मधोमध बांधला. वरच्या मजल्यावर मशीद आहे हे पुष्कळांना माहीत नसतं. तिथं सोडत नाहीत, पर्यटकांना पहिल्या मजल्यापर्यंतच जाऊ देतात. जिना अरुंद आणि अंधारा, पायऱ्या उंच. वयस्क माणसांना खाली सावलीत बसवून तरुणांनी वर जाऊन यावं. वरून दिसणारं दृश्य चांगलं आहे, पण अम्मीचे गुडघे त्याहून महाग.

मक्का मशीद शेजारीच. काम 1617 ला सुरू झालं, कुतुबशाही संपली तरी चालूच राहिलं आणि 1694 ला औरंगजेबाच्या काळात पूर्ण झालं. मधल्या कमानीच्या विटांसाठी मक्का शरीफची माती आणली होती, त्यावरून नाव. आवारात आसफजाही घराण्यातल्या निजामांच्या कबरी आहेत. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान मात्र इथं नाहीत, ते किंग कोठीसमोरच्या मस्जिद-ए-जूदीत दफन आहेत. मक्का मशिदीच्या दारात तपासणी होते, मोठ्या बॅगा लॉजवरच ठेवा. बायकांनी नमाजच्या जागेची सोय आत शिरताना विचारून घ्यावी. प्रत्येक मशिदीत ती नसते आणि जुमाच्या गर्दीत तर कुणाला विचारायलाही जागा उरत नाही. घरच्या बायका सोबत असतील तर जुमाऐवजी दुसऱ्या दिवशी जोहर किंवा असरची वेळ धरा.

म्हणजे शुक्रवार वाया जातो का? नाही. सालारजंग आणि चौमहल्ला दोन्ही शुक्रवारी बंद असतात. पण पुरुषांनी मक्का मशिदीत जुमा अदा करायचा, जेवण करून दुपारनंतर सगळ्यांनी गोवळकोंड्याला जायचं, किल्ला शुक्रवारी चालू असतो. चौमहल्ला महाल चारमिनारपासून पायी जाण्याइतका जवळ आहे, तो शनिवारवर ठेवा. त्यातला खिलवत मुबारक दरबार आणि झुंबरं बघण्यासारखी, लेकरांना जुन्या मोटारी आवडतात. रविवारी मात्र चारमिनारला जाऊ नका, पाऊल ठेवायला जागा नसते. नेहरू प्राणीसंग्रहालय सोमवारी बंद असतं, तेवढं टाळा.

गोवळकोंडा चारमिनारपासून दहा-अकरा किलोमीटर. खालच्या दरवाजात टाळी वाजवली की वर बालाहिसारला ऐकू येते, सगळेच करून बघतात. 1687 ला आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर किल्ला पडला, तोही आतून दार उघडलं गेल्यामुळं. वरपर्यंत साडेतीनशेच्या वर पायऱ्या आहेत. उन्हाळ्यात चारनंतर चढा, पाण्याची बाटली सोबत ठेवा. जवळच कुतुबशाही मकबरे आहेत, आगा खान ट्रस्टनं कित्येक वर्षं काम करून ते सावरलेत. ज्यांना चढण जमत नाही त्यांनी किल्ला सोडून इथंच बसावं, मोकळी बाग आहे.

खाणं आणि खरेदी

जेवणाबद्दल जास्त सांगायची गरज नाही, सगळ्यांना माहीत आहे. एवढंच, की एक बिर्याणी दोघांना पुरते. आधी एक मागवा आणि मग बघा. सकाळी फजरनंतर निहारी आणि पाया, दुपारी इराणी चहासोबत उस्मानिया बिस्कीट. हलीमची खरी मजा रमजानात. हैदराबादी हलीमला 2010 ला जीआय मानांकन मिळालं. पण रमजानात घरच्यांना घेऊन जाणं म्हणजे इफ्तारनंतर चारमिनारच्या गर्दीत लेकरं सांभाळणं. हात घट्ट धरा, खिशात नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

लाड बाजारात लाखेच्या बांगड्या, लग्नाचे जोडे, मेंदी. पहिला भाव मान्य करू नका, दोन दुकानं फिरून मगच घ्या. मोती रस्त्यावर घेऊ नका. पक्क्या दुकानातून पावतीसकट घ्या नाहीतर सोडून द्या. बस्त्याचं कापड, भांडी, सुकामेवा घाऊक घ्यायचा तर बेगम बाजार, तो नदीच्या उत्तरेला. जानेवारीच्या पहिल्या तारखेपासून दीड महिना नामपल्लीला नुमाईश भरते, त्या दिवसांत गेलात तर एक संध्याकाळ तिथं ठेवा. हवाही तेव्हा छान असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच सगळ्यात चांगला काळ. एप्रिल-मेची सुट्टी लेकरांना सोयीची, पण उन्हात आपल्या तेलगावापेक्षा कमी नाही.

सुलतान बाजार, कोठी भागात मराठी कानावर पडेल. शहरात जुनी मराठी वस्ती आहे, 1922 पासून चालत आलेलं मराठी ग्रंथसंग्रहालयही आहे. वाचनाची आवड असणाऱ्यांनी एक चक्कर मारावी.

दवाखाना, जुनी कागदपत्रं आणि हजचं रुबात

बरेच जण फिरायला नाही, कामाला जातात. दवाखान्यासाठी जाणाऱ्यांनी आधी एक गोष्ट तपासावी. महात्मा फुले जनआरोग्य योजना ही आपल्या राज्याची आहे, तिच्या भरवशावर हैदराबादचा दवाखाना धरू नका. आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातही चालू शकतं, पण तो दवाखाना आणि तो आजार यादीत आहे का, हे भरती व्हायच्या आधी तिथल्या आयुष्मान काउंटरवर विचारा. जुने रिपोर्ट मूळ प्रतीत न्या.

दुसरं काम जुन्या नोंदींचं. निजाम काळातली पुष्कळ सरकारी कागदपत्रं हैदराबादच्या तारनाका भागात तेलंगणा राज्य अभिलेखागारात आहेत. कुणबी नोंदी आणि ‘हैदराबाद गॅझेट’ यामुळं गेल्या दोन-तीन वर्षांत ही जागा सगळ्यांच्या तोंडी आली. गॅझेटात जातींचे आकडे असतात, माणसांची नावं नसतात. त्यामुळं आपल्या बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मणियार कुटुंबांनी ओबीसी दाखल्यासाठी थेट हैदराबाद गाठायची घाई करू नये. लागतो तो 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा, आपल्याच घराण्यातल्या माणसाचा पुरावा. तो बहुतेक वेळा इथंच सापडतो: आजोबांच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, तहसीलचा रेकॉर्ड रूम, जुनी खरेदीखतं. ते शोधून झाल्यावरच पुढं जा. इनाम किंवा वक्फ जमिनीच्या मुंतखबसाठी जायचं असेल तर गाव, जुना तालुका, सर्व्हे नंबर आणि हिजरी किंवा फसली साल लिहून न्या. कागद उर्दू किंवा फारसीत, शिकस्ता लिपीत असतात. सोबत ती वाचणारा माणूस असेल तरच दिवस सार्थकी लागतो.

तिसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. मक्का शरीफमध्ये निजामाचं रुबात आहे, म्हणजे हाजींसाठी वक्फ केलेली मुक्कामाची जागा. जुन्या हैदराबाद संस्थानातल्या हाजींसाठी ती आहे, आणि त्यात तेलंगणासोबत मराठवाडा आणि कर्नाटकातले जुने संस्थानी जिल्हेही येतात. म्हणजे बीड जिल्ह्याचा हाजी अर्ज करू शकतो. जागा कमी आणि मागणारे जास्त, म्हणून कुरा काढला जातो. निवड झाली तर मक्केतल्या मुक्कामाचा खर्च वाचतो, आपल्याकडच्या शेतकरी घरासाठी ही रक्कम लहान नाही. नियम आणि तारखा दर वर्षी जाहीर होतात, हज कमिटीच्या निवडीनंतर मुदत थोडीच असते. हजचा अर्ज भरतानाच जिल्ह्यातल्या हज खिदमत करणाऱ्यांकडं रुबातची चौकशी करून ठेवा. पासपोर्ट, हज कमिटीचा कव्हर नंबर आणि बीड जिल्ह्याचा रहिवासी पुरावा यांच्या प्रती एका फाईलमध्ये तयार असू द्या.